फाईल उघडलीच नाही

माझी फाईल टेबलावरच होती. जाड, निळी, पुण्याच्या हॉस्पिटलातून घरी सोडताना दिलेली. तिच्यात शस्त्रक्रियेचा तपशील होता, गोळ्यांची यादी होती आणि सगळ्यात वर, क्लिपला लावलेला, पायाच्या शिरांच्या डॉप्लर तपासणीचा रिपोर्ट होता. मी झोपले होते त्या खाटेपासून ते टेबल हाताच्या अंतरावर. गावातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या मुलाने ती फाईल बाजूला सरकवली, तिच्या जागी शेकायची पिशवी ठेवली आणि माझ्या मांडीला रबरी पट्टा गुंडाळायला घेतला. "मॅडम, दहापैकी सात इतकं घट्ट वाटलं की सांगा," म्हणाला.

याला आता बरेच महिने झाले. पाय पुष्कळ सुधारला. मी चालते, जिने चढते, दिवसभर मैदानावर उभी राहते. तरी ती सरकवलेली फाईल आठवली की माझा आवाज चढतो आणि घरातली माणसं विषय बदलतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं.

आधीचं थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत खेळ शिकवते. खो-खो हा माझा जीव. २०२४ च्या नोव्हेंबरात मुलींना खो मिळाल्यावर उठायचं कसं ते करून दाखवत होते. पाटीवर बसलेल्या खेळाडूचा सगळा भार पंजांवर असतो, टाच उचललेली असते, आणि पाठीवर थाप पडली की पंजा जमिनीला रेटून एका झटक्यात सुटायचं असतं. मी रेटा दिला आणि मागून कुणीतरी टाचेवर सणसणीत लाथ घातली असं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. अॅकिलिस टेंडन तुटलेली बहुतेक माणसं हेच सांगतात, असं नंतर सर्जनकडून कळलं. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी ही कंडरा शरीरातली सगळ्यात जाड आणि बळकट, पण टाचेच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर तिला रक्तपुरवठा कमी असतो. माझी तिथेच तुटली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. मग पाऊल खाली झुकवून बांधलेला स्लॅब, मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट, आणि एकेक पाचर काढत पाऊल सरळ करणं. सगळं रीतसर झालं. सर्जन चांगले होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक रात्र मात्र सांगायला हवी. बूट पायात असतानाच पोटरी सुजली. ताठ, गरम, हात लावू देईना. पाय फार काळ न हलवता ठेवला की आतल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि अॅकिलिसच्या दुखापतीनंतर हा धोका चांगलाच असतो. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सर्जननी हे आधीच बजावलं होतं. फोन केला तर म्हणाले, सकाळची वाट बघू नका. नवऱ्याने गाडी काढली. खंबाटकीच्या घाटात आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. पुण्यात डॉप्लर झाली, गाठ नव्हती. तो कागद हातात आल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून रडले, आणि घरी आल्यावर तो फाईलीत सगळ्यात वर लावला. पुढे जो कुणी या पायाला हात लावेल त्याला तो आधी दिसावा म्हणून.

जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, मुलींनी तर ७८–४० असं. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या पुण्याची. गावात पेढे वाटले. मी बूट उशीवर ठेवून फोनवर सामना पाहत होते आणि माझं लक्ष सारखं त्या मुलींच्या टाचांकडे जात होतं.

बूट निघाला तेव्हा पोटरी पाहून मीच दचकले. डाव्या पायाची पोटरी पिळलेल्या फडक्यासारखी झाली होती. सर्जननी चिठ्ठीवर पोटरीची ताकद वाढवायला लिहून दिलं. पुण्याला वरचेवर जाणं नोकरीत जमणारं नव्हतं, म्हणून गावातलाच एक दवाखाना धरला. तिथे शेक, आयएफटीचं, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन, अल्ट्रासाउंड आणि शेवटी थोडं पाऊल वर-खाली. पाय आरामात पडायचा, बरं वाटायचं, पोटरी होती तेवढीच राहायची.

आणि एके दिवशी तो पट्टा आला. "नवीन टेक्निक आहे मॅडम. परदेशातले खेळाडू हेच करतात. रक्त अडवायचं आणि व्यायाम करायचा. मसल दुप्पट वेगाने येतो." मुलगा उत्साहाने सांगत होता. मी क्रीडाशिक्षिका, खेळाडूंचं नाव काढलं की माझे कान टवकारतात. मी हो म्हटलं.

पट्टा म्हणजे दोन बोटं रुंदीचं, बकल असलेलं रबर. त्याने ते मांडीच्या वरच्या टोकाला गुंडाळलं आणि ओढलं. दहापैकी सात म्हणजे किती, मला काय कळणार? शस्त्रक्रियेनंतर त्या पायाची संवेदना तशीही निराळीच होती. मी अंदाजाने "हं" म्हटलं. त्याने अजून एक वेढा दिला. मग बसल्या जागी टाचा उचलायला सांगून तो पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेला. थोड्या वेळात पोटरीत अशी आग पेटली की डोळ्यांत पाणी आलं. ते ठीक होतं, आग होते असं त्याने सांगितलं होतं. पण मग पाऊल जांभळट दिसू लागलं. बोटं बधिर झाली. मी हाक मारली. पलीकडून आवाज आला, "सहन करा मॅडम, त्यातूनच वाढतो!" मी पुन्हा हाक मारली. तो आला, घड्याळाकडे पाहिलं, "अजून थोडं" म्हणाला आणि गेला. किती वेळ झाला हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं, कारण सुरुवात केव्हा केली ते त्याने कुठे लिहिलंच नव्हतं. पट्टा सुटला तेव्हा मांडीवर लाल-निळा वळ होता. तो कित्येक दिवस राहिला.

रक्तदाब घेतला नाही. गोळ्या कोणत्या चालू आहेत, विचारलं नाही. कधी गाठ झाली होती का, पाय अचानक सुजला होता का, घरात कुणाला तसला त्रास आहे का, काहीही विचारलं नाही. आणि फाईल तिथेच, शेकायच्या पिशवीखाली अर्धी दबलेली.

असं पुढेही काही वेळा झालं. एका संध्याकाळी बोटांचा बधिरपणा जाईना तेव्हा नवरा चिडला आणि मी दवाखान्याच्या मालक डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "काही झालं का? नाही ना?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. काही झालं नाही, हे खरं. पण का नाही झालं? माझा रिपोर्ट चांगला होता म्हणून. आणि तो चांगला होता हे त्या दवाखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री पुण्यात गाठ सापडली असती, मी रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर असते, तरी त्या मुलाने तोच पट्टा तसाच आवळला असता आणि तसाच पडद्यामागे गेला असता. माझ्या जागी ती गाठ असलेली दुसरी कुणी बाई झोपली असती तरीही. झालं नाही म्हणून विचारायचं नाही, हा कुठला न्याय? शाळेच्या सहलीत मूल नदीत उतरलं आणि बुडालं नाही, तर मुख्याध्यापक मला असंच सोडून देतील का?

तिथे जाणं मी बंद केलं. पुण्याला सर्जनकडे तपासणीला गेले तेव्हा त्यांनी खेळाडूंचं पुनर्वसन करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. लातूरकडची तरुण मुलगी, बोलायला ठसठशीत. मी खुर्चीत बसले न बसले तोच त्यांनी हात पुढे केला, "फाईल द्या." पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. डॉप्लरच्या रिपोर्टवर थांबल्या आणि विचारलं, "त्या रात्री नक्की काय झालं होतं, मॅडम?" मी सांगत गेले आणि सांगता सांगता पट्ट्याचंही सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा बदलला, पण आधीच्या दवाखान्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त वळाची जागा नीट पाहिली.

मग म्हणाल्या, "मीही पट्टाच सुचवणार होते." मी सरळ नाही म्हटलं. मला त्या प्रकाराचं नावही नको होतं. त्यांनी आग्रह केला नाही. साधे व्यायाम लिहून दिले आणि म्हणाल्या, हवं तेव्हा विचारा, कसं चालतं ते सांगेन.

विचारलं मीच, पुढच्या खेपेला. पोटरी तशीच वाळलेली होती ना.

त्यांनी जे समजावलं ते मला खेळाची शिक्षिका म्हणूनही कुणी कधी शिकवलं नव्हतं. स्नायू वाढवायचा तर तो जास्तीत जास्त जेवढं उचलू शकतो त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास वजन त्याला द्यावं लागतं, असं आपण मानत आलो. शिवलेल्या कंडरेला ते सोसत नाही. ती ताणून लांब झाली की टाच पूर्ण उंचीवर उचलण्याचा जोर गेला, आणि तो परत आणणं फार कठीण. वजन नाही दिलं तर पोटरी वाळत जाते. या कोंडीत पट्टा कामाला येतो. २० ते ३० टक्के इतक्या हलक्या वजनावर व्यायाम करायचा, पण मांडीला हवेचा कफ बांधून. पायात येणारं रक्त कमी होतं, परत जाणारं जवळजवळ थांबतं. प्राणवायू कमी पडला की चिवट, हळू दमणारे स्नायुतंतू लवकर थकतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे जोरकस तंतू कामाला लागतात. टाकाऊ द्रव्यं तिथेच साठतात, म्हणून ती आग. रीत ठरलेली आहे: आधी ३०, मग १५, १५, १५, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, आणि ते झालं की कफ लगेच सोडायचा.

हे शोधलं जपानच्या योशिआकी साटो यांनी. १९६६ साली, अठरा वर्षांचे असताना, ते एका बौद्ध श्राद्धविधीला गुडघे दुमडून बसले होते. पायाला मुंग्या आल्या, पोटरी चोळताना वाटलं की व्यायामानंतर जशी भरून येते तशीच आत्ता आली आहे. आपण पंगतीत, कीर्तनात आयुष्यभर मुंग्या सोसल्या, पण हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही! त्यांनी सायकलची ट्यूब, दोऱ्या असं काय काय बांधून पाहिलं. १९७३ मध्ये स्कीइंग करताना पाय मोडला तेव्हा प्लास्टरमधल्या पायावरही तेच केलं. किती दाब, किती वेळ, कुणाला द्यायचा नाही, हे शोधण्यात त्यांची वर्षं गेली. पुढे अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात जॉनी ओवेन्स यांनी इराक-अफगाणिस्तानातून पाय जेमतेम वाचवून आलेल्या सैनिकांसाठी ही पद्धत वापरली, आणि तिथून ती क्रीडाजगतात पसरली. हे ऐकताना मला गावातल्या त्या रबराची आठवण होणारच. साटोंनीही ट्यूबच बांधली होती. पण त्यांनी ती स्वतःच्या पायाला बांधली होती.

आणि मग मोजमाप. फिजिओथेरपिस्टबाईंनी आधी रक्तदाब घेतला. सर्जनना फोन करून पट्ट्याला हरकत नाही ना, हे विचारलं आणि पोटरीच्या शिरांची डॉप्लर पुन्हा करून आणायला लावली. ती स्वच्छ आल्यावरच कफ काढला. चांगला वीतभर रुंद. अरुंद पट्ट्याला तेवढंच रक्त अडवायला कितीतरी जास्त दाब लागतो आणि तो सगळा एका रेषेत मज्जातंतूंवर येतो; माझी बोटं का बधिर होत होती ते तेव्हा कळलं. मला आडवं झोपवून घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे, एक छोटा प्रोब धरला. सूं-सूं असा आवाज खोलीभर घुमू लागला. माझंच रक्त. कफमध्ये हवा भरत गेल्या तसा तो बारीक होत होत थांबला. तिथला आकडा १८० च्या आसपास होता. "हा तुमचा पूर्ण बंद दाब. दुसऱ्या कुणाचा वेगळा येईल. मांडी किती जाड, रक्तदाब किती, बसलात की झोपलात, सगळ्यावर ठरतं," त्या म्हणाल्या. पायाला साधारण याच्या ६० ते ८० टक्के देतात. माझी सुरुवात त्यांनी खालच्या टोकापासून केली.

दोन-चार मिनिटांचं काम. प्रोब, कफ आणि कान. हे एवढं करायला त्या पहिल्या दवाखान्याला काय अडचण होती?

आग इथेही तशीच झाली. खोटं कशाला सांगू, शेवटच्या पंधराला मी दात खाऊन मोजत होते. पण त्या समोर बसून होत्या. पाऊल काळंनिळं होतंय का पाहत होत्या, बोटं हलवायला लावत होत्या, घड्याळ त्यांच्या हातात होतं. कफ सुटला की पायात ऊब भरायची आणि मला ती चक्क आवडायला लागली. ज्या गोष्टीचं नावही नको म्हणत होते तिच्यासाठी मी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरू लागले.

पोटरी भरली. टेपने मोजून दिसेल इतकी भरली. दोन्ही पायांवर टाचा उचलणं, मग भार डाव्या पायाकडे सरकवणं, आणि पुढे एका पायावर. मी भेटेल त्याला पट्ट्याचं गुणगान सांगत सुटले. मोहम्मद शमीचं नाव तर लोक आपणहून काढायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत लंडनला टाचेच्या कंडरेवर शस्त्रक्रिया आणि नोव्हेंबरात रणजीत पुन्हा गोलंदाजी, हे आमच्या गावातल्या चहावाल्यालाही पाठ होतं.

आता मात्र मी इतक्या खात्रीने बोलत नाही. मी वाचत गेले. जर्मनीत फ्रायबर्गच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला: १४ आठवडे हलकं वजन आणि पट्टा घेतलेल्यांची अॅकिलिस कंडरा, जड वजन उचलणाऱ्यांइतकीच जाड आणि ताठ झाली. वाचून मी उडालेच. मग पाहिलं तर ते सगळे निरोगी पुरुष. शिवलेली कंडरा नाही, चाळिशी ओलांडलेली बाई नाही. माझ्या पोटरीत जे आलं त्यातलं पट्ट्याचं किती, नुसत्या काळाचं किती, आणि आठवड्याला कुणीतरी समोर बसून माझ्याकडे लक्ष देतंय याचं किती, मी सांगू शकत नाही. डाव्या टाचेची उंची अजूनही उजवीपेक्षा कमी भरते. फिजिओथेरपिस्टबाई म्हणतात ती कदाचित तशीच राहील.

त्या मुलाबद्दलही माझं मन एकसारखं राहत नाही. नुकताच शिकून आलेला, एका वेळी चार पडद्यांमागे चार पेशंट. त्याला कुणी दाखवलं असेल, त्याने ते केलं. राग मालकांवर धरावा असं वाटतं. तरी फाईल सरकवणारा हात त्याचाच होता, हे विसरता येत नाही. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी राज्याची परिषद आहे. तिथे लिहावं असं नवरा म्हणत होता, मी अजून लिहिलेलं नाही. माझ्यासारख्यांना एवढंच सांगेन, पट्टा बांधणाऱ्याला आधी विचारा की दाब कशावरून ठरवला. "तुम्हाला वाटेल तसा" असं उत्तर आलं तर खाटेवरून उठा.

हे सांगणं मला सोपं आहे, कारण मला पुण्याला जाता येतं. आमच्या संघातली एक नववीतली मुलगी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठली आहे. तिचे वडील माल वाहणारा टेम्पो चालवतात. मागच्या आठवड्यात ते पिशवीतून रबरी पट्ट्यांची जोडी घेऊन शाळेत आले, ऑनलाइन मागवलेली. "बाई, तुम्ही केलं तसं हिला करून द्या." मी पट्टे काढून घेतले आणि का नाही ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही करून घेतलं, तुमचा पाय आला. माझ्या पोरीला पुण्याला न्यायला दिवसाचं भाडं बुडतं. मग तिने काय करायचं?" मी पुण्याच्या फिजिओथेरपिस्टबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वाढत्या वयाच्या मुलीला तपासल्याशिवाय हो किंवा नाही काहीच सांगणार नाही. हे बरोबर आहे, पण बापाला त्यातून काय मिळालं?

तूर्त तिला सर्जनने लिहून दिलेले बिनपट्ट्याचे व्यायाम मी प्रार्थनेच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात करून घेते. पुण्याच्या खेपेचं भाडं शाळेच्या क्रीडानिधीतून मिळावं असा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आहे. क्रीडानिधी चेंडू आणि गणवेशासाठी असतो, उपचारासाठी नाही, असा शेरा मारून तो परत आला. मी दुसरा लिहिला आहे.